पाताळातले तीर्थ

तीर्थयात्रा म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे घाट, कळस आणि चढायच्या पायऱ्या उभ्या राहतात. रोमला मात्र तीर्थासाठी आम्हांला पायऱ्या उतराव्या लागल्या. "म्हणजे स्मशानातच ना?" सौभाग्यवतींनी साशंक मुद्रेने विचारले.

होय, स्मशानातच! शहराबाहेर आप्पिया या प्राचीन राजरस्त्यावर संत कॅलिस्टसचे भूमिगत दफनस्थान आहे. रोमन कायद्याने शहरात प्रेत पुरायला बंदी होती. म्हणून आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी वेशीबाहेरचा मऊ ज्वालामुखी खडक कोरून आपल्या मृतांची सोय केली. तिसऱ्या शतकारंभी येथली व्यवस्था कॅलिस्टसकडे आली. तो पूर्वाश्रमीचा गुलाम असे सांगतात. पुढे तोच पोप झाला.

वाटाड्यावाचून आत सोडत नाहीत. बाहेर रणरणते ऊन, आत माघातला गारवा. दोन्ही भिंतींत आगगाडीतल्या बर्थसारखे एकावर एक कोनाडे. असे सुमारे २० किलोमीटर बोगदे, चार मजले खोल! छळाला भिऊन ख्रिस्ती लोक येथे दडून राहत, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात येथे मृतांना पुरत आणि त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना करीत. छळ मात्र खोटा नव्हे. इ. स. २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या आमदानीत मारला गेलेला पोप दुसरा सिक्स्टस येथेच पुरलेला होता.

पुढे कित्येक शतके ही जागा विस्मृतीत गेली. १८४९ साली जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या संशोधकाला एका द्राक्षमळ्यात संगमरवराचा फुटका तुकडा सापडला. त्यावर एका हुतात्मा पोपचे अर्धेच नाव होते. त्या अर्ध्या नावाचा माग काढीत १८५४ साली तो पोपांच्या दफनकक्षापर्यंत पोचला. आम्हां भाषेच्या मास्तरांना अर्ध्या अक्षराचेही मोल कळते. मी त्याला मनोमन नमस्कार केला.

भिंतींवर रक्त, खिळे, क्रूस असतील अशी माझी अपेक्षा. पण दिसला तो खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ, कबुतर, मासा आणि गलबताचा नांगर. या जागेला ते ग्रीक भाषेत 'कोइमेतेरिओन' म्हणत. म्हणजे निजण्याची जागा. आपणही 'चिरनिद्रा' म्हणतोच की! पण तो शब्द मी वर्गात आजवर नुसता समास म्हणून सोडवीत आलो होतो.

एका वळणावर सौभाग्यवती थबकल्या. तिथले कोनाडे जेमतेम हातभर लांबीचे होते. लहान मुलांचे.

आमचे पहिले बाळ अकराव्या दिवशी गेले. बारसे दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. वडीलधाऱ्यांनी ते नदीकाठी पुरले, खूण काही ठेवली नाही आणि घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. या गोष्टीला अठरा वर्षे झाली.

वाटाड्या सांगत होता, की कित्येक थडग्यांवर नावच नाही. घरच्यांनी ओल्या चुन्यात एखादे नाणे, शिंपला, बाहुली दाबून खूण केली; कुठे मातीचा दिवा बसवला. दिवा कसला, आपली पणतीच ती!

वर उन्हात आल्यावर हिने हळूच विचारले, "काय नाव ठेवणार होतो आपण?" अठरा वर्षांत मी ते नाव उच्चारले नव्हते. त्या दिवशी उच्चारले.

परवा दिवाळीच्या पणत्या काढताना हिने एक जास्त मोजली. ती कुणाची, असे धाकटीने विचारले. तिच्या आईने तिला नाव सांगितले.