सर्पगंधेची मुळी आणि हृदयाची भिंत

रक्तदाब वाढलेला राहिला की हृदयाच्या डाव्या जवनिकेला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. तिची भिंत जाड होते, ताठरते आणि अखेर हृदय थकते. १९४०च्या दशकात यावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे रुग्णांवरील निष्कर्ष मांडले आणि जगाचे लक्ष या झुडपाकडे वळले. हे श्रेय आपण फार कमी आठवतो.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनॅलिन हे रक्तवाहिन्या आवळणारे रसायन सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. रेसरपिन ते तिथे भरूच देत नाही. साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात, दाब उतरतो. पण हीच क्रिया मेंदूतही घडते. त्यामुळे सुस्ती येते, जास्त मात्रेत काहींना नैराश्यही. म्हणूनच पुढे नव्या गोळ्यांनी त्याची जागा घेतली.

मुळीच्या चूर्णात औषधी द्रव्याचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते. तेव्हा ऐकीव सल्ल्याने ते घेऊ नका आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.