देशांतराची वाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वडोदरा शहरालगतचे बाजवा हे पश्चिम रेल्वेच्या आणंदकडे जाणाऱ्या मार्गावरील स्थानक असून त्याच्या परिसराचे आजचे रूप १९६० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी घडवले आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली गुजरात राज्य खत कंपनी, १९६५ मध्ये कार्यान्वित झालेला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन पेट्रोकेमिकल्स यांच्याभोवती गुजरातच्या अन्य भागांतून आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबे वसली. गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात नांदणारा मराठी समाजही मुळात बाहेरून आलेलाच आहे. याच मार्गाने पुढे रनोली मागे टाकून मही नदी ओलांडली की चरोतर हा प्रदेश लागतो आणि तेथील घराघरांतून आफ्रिका, ब्रिटन, अमेरिका अशा दूरच्या भूमींकडे गेलेल्यांचा इतिहास शतकाहून जुना आहे. येणे आणि जाणे ही दोन्ही एवढ्या जवळून पाहणाऱ्या या टापूतही देशांतराविषयी, म्हणजे एक देश सोडून दुसऱ्या देशात राहावयास जाण्याविषयी, काही समजुती घट्ट रुजलेल्या आहेत. त्यांची तपासणी येथे केली आहे.

गैरसमज १ : गरिबी असह्य झाली की माणसे परदेशी जातात.

वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जन्मदेशाबाहेर राहणाऱ्यांची संख्या सुमारे २८ कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.६ टक्के होती. याउलट २०११ च्या जनगणनेत एकट्या भारतात सुमारे ४५ कोटी लोकांची नोंद स्थलांतरित म्हणून झाली आणि त्यांतील बहुतेकांनी देशाची सीमा ओलांडलेली नव्हती. प्रवास, कागदपत्रे, शिक्षण आणि ओळखी यांसाठी लागणारे भांडवल अतिगरिबांकडे नसते, म्हणून ते दूरच्या देशाऐवजी जवळच्या शहराची वाट धरतात. चरोतर हा तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेला सुपीक प्रदेश असूनही तेथील पाटीदार बाहेर पडले, कारण वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे होत गेले, १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने शेतीची शाश्वती हिरावली आणि परदेशी कमाईला विवाहसंबंधांत प्रतिष्ठा मिळू लागली. अभ्यासक गाव सोडावयास लावणाऱ्या कारणांना ‘रेटा’ आणि नव्या ठिकाणच्या आकर्षणाला ‘ओढ’ म्हणतात. प्रत्यक्षात ही दोन्ही एकाच वेळी काम करतात आणि निर्णय बहुधा एकट्या व्यक्तीचा नसून कुटुंबाचा असतो.

गैरसमज २ : पूर्व आफ्रिकेतील भारतीय हे रेल्वे बांधणाऱ्या मजुरांचे वंशज आहेत.

वस्तुस्थिती : १८९६ पासून युगांडा रेल्वेच्या बांधकामासाठी सुमारे ३२ हजार भारतीय करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य पंजाबातील होते, सुमारे अडीच हजार मृत्युमुखी पडले आणि करार संपल्यावर सुमारे ६,७०० जण तेथे राहिले, बाकीचे परतले. गुजराती वसाहत मुख्यतः स्वतःच्या खर्चाने गेलेल्या व्यापाऱ्यांनी आणि कारकुनांनी उभारली. एक भाऊ दुकान थाटतो, दुसऱ्याला बोलावतो, मग मेहुणा येतो आणि त्याच्या मागे गावातले शेजारी येतात, या क्रमाला ‘साखळी स्थलांतर’ म्हणतात. एखाद्या गावातून शेकडो माणसे एकाच शहरात पोचलेली दिसतात ती या साखळीमुळे. १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा ब्रिटिश पारपत्र असलेली अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये गेली. ज्यांनी एकदा संधीसाठी देश निवडला होता, त्यांना दुसऱ्या वेळी निवडीचा अवकाशच मिळाला नाही.

गैरसमज ३ : व्हिसा मिळाला म्हणजे परदेशात स्थायिक होता येते.

वस्तुस्थिती : व्हिसा ही विशिष्ट हेतूने आणि ठरावीक मुदतीसाठी प्रवेश मागण्याची परवानगी असते. काम करण्याचा परवाना त्याहून वेगळा, बेमुदत राहण्याचा हक्क, म्हणजे बोलीत ज्याला ‘पीआर’ म्हणतात तो कायम वास्तव्याचा दर्जा, त्याहून वेगळा आणि मतदानासह सर्व हक्क देणारे नागरिकत्व ही शेवटची पायरी असते. पर्यटक व्हिसावर गेलेल्याला नोकरी करता येत नाही आणि विद्यार्थी व्हिसाचा हेतू शिक्षण हाच असतो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट होती, म्हणजे जाणे परतण्यासाठीच होते. १९१७ मध्ये ते बडोद्यास सेवेत रुजू झाले, परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना शहरात राहण्यास जागा मिळू शकली नाही आणि ते मुंबईस निघून गेले. माणूस कोठे टिकतो हे केवळ वेतनावर ठरत नाही, मानाने राहता येते की नाही यावरही ठरते, हे या घटनेतून दिसते.

गैरसमज ४ : पैसा आणि ओळखीचा एजंट असला की ‘फाइल’ हमखास मंजूर होते.

वस्तुस्थिती : प्रत्येक देशाची कायदेशीर दारे मोजकी असतात आणि प्रत्येकाची अट कायद्याने ठरलेली असते. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी वर्षाला केवळ १०० जागा होत्या. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटे रद्द करून कुटुंब आणि कौशल्य यांना प्राधान्य दिले आणि तेथील आजच्या भारतीय समाजाचा पाया त्यातून घातला गेला. तरीही कुटुंब व नोकरीच्या प्राधान्यवर्गांत कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्याने अमेरिकन नागरिकाच्या भारतातील भावाला किंवा बहिणीला पंधरा वर्षांहून अधिक काळ रांगेत राहावे लागते. कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या ‘एच-१बी’ या वर्गातील नवे परवाने सामान्यतः वर्षाला ८५ हजारांपुरते मर्यादित आहेत. कॅनडाने जानेवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत वय, शिक्षण, भाषाज्ञान आणि अनुभव यांना गुण दिले जातात आणि ज्यांचे गुण अधिक, त्यांना आधी बोलावले जाते. गुंतवणूकदारांसाठी वेगळा मार्ग काही देशांत आहे, पण अमेरिकेत त्याची किमान रक्कम २०२२ पासून ८ लाख डॉलर आहे. यांपैकी कोणत्याही दारावर एजंटाचा अधिकार चालत नाही. तो अर्ज भरण्यास मदत करू शकतो, निकाल विकू शकत नाही.

गैरसमज ५ : आखातात नोकरीला जाणे आणि परदेशी स्थायिक होणे एकच आहे.

वस्तुस्थिती : कारखान्यांच्या पट्ट्यात वेल्डर, फिटर किंवा ऑपरेटर म्हणून अनुभव घेतलेल्यांसाठी आखाती देश हा जवळचा पर्याय असतो, परंतु तेथील वास्तव्य सामान्यतः मालकाने दिलेल्या नोकरीशी बांधलेले असते आणि नागरिकत्व क्वचितच मिळते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा असतो. त्याचा अर्थ असा की आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी भारत सरकारची मंजुरी आवश्यक आहे. ही अट अडवणुकीसाठी नसून फसवणूक आणि पिळवणूक रोखण्यासाठी आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने नोंदणी करणे बंधनकारक असून त्याला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरील कर एवढ्यापुरते मर्यादित आहे. नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो.

गैरसमज ६ : कसेही करून एकदा पोचले की पुढे सगळे जमते.

वस्तुस्थिती : अनेक देश पार करून चोरट्या वाटेने सीमा ओलांडण्याला ‘डंकी’ म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातील डिंगुचा गावाचे चार जणांचे कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेजवळ कडाक्याच्या थंडीत गोठून मरण पावले आणि त्यांत दोन मुले होती. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाकडे निघालेले ३०३ प्रवाशांचे विमान मानवी तस्करीच्या संशयावरून फ्रान्समध्ये रोखण्यात आले आणि त्यांतील २७६ जणांना मुंबईस परतावे लागले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, त्यांत ३३ जण गुजरातचे होते. पोचल्यावर आश्रय मागता येतो, हेही अर्धसत्य आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सकारण भीती असलेल्यालाच १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार निर्वासित मानतो. कर्ज किंवा बेकारी ही कितीही खरी दुःखे असली तरी त्या व्याख्येत बसत नाहीत.

गैरसमज ७ : परदेशी नागरिकत्व घेतले तरी भारतीय नागरिकत्व राहते.

वस्तुस्थिती : भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि पारपत्र परत करावे लागते. ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) हे कार्ड नावात ‘नागरिक’ असूनही नागरिकत्व देत नाही. त्यावर भारतात आजीवन ये-जा करता येते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नाते मात्र या कागदावर अवलंबून नसते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी १०० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम पाठवली.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की देशांतर म्हणजे नशिबाची सोडतही नव्हे आणि मातृभूमीशी द्रोहही नव्हे. कुटुंबाची साखळी, हातातील कौशल्य, खर्चाची कुवत आणि दोन देशांचे कायदे यांच्या जुळणीतून ते टप्प्याटप्प्याने घडते. म्हणून घर किंवा जमीन गहाण ठेवून पैसे देण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत : परवाना कोणत्या वर्गाचा आहे, त्यावर काम करता येते काय, आणि मुदत संपल्यावर कायद्याने पुढे काय होते. ही उत्तरे जो देत नाही, त्याच्या हाती पारपत्र देऊ नये.