आम्ही ब्रेक लावायला शिकतो!

मोटरसायकल मला कोणी शिकवली म्हणाल, तर थोरल्या चुलतभावाने; १९९६ साली, पर्वतीच्या पायथ्याशी, अवघ्या अर्ध्या तासात. त्यातली निम्मी वेळ क्लच समजण्यात गेली आणि उरलेल्या वेळात त्याने मला एकच मंत्र दिला : "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस. लावलास की कोलांटी खाशील!" हा मंत्र मी अठ्ठावीस वर्षे निष्ठेने पाळला. चिरंजीवांना परवाना मिळाला आणि त्यांनी मोटरसायकल मागितली, तेव्हा हाच मंत्र त्यांच्याही कानात सांगण्याच्या बेतात होतो.

पण सौ.नी मोडता घातला. "आधी त्याला कुठेतरी रीतसर शिकवा, मग गाडीचं बघू." चिरंजीवांनी चौकशी करून आणली. शहराबाहेरच्या एका मोकळ्या डांबरी मैदानावर शनिवार-रविवारचा वर्ग होता. मात्र त्यांचीही अट होती : "बाबा, तुम्हीही चला." मला हसू आले. गेलो आपला, पोराचे मन मोडायला नको म्हणून.

शिक्षक माझ्या निम्म्या वयाचा. पहिला धडा थांबण्याचा! ताशी ४० किलोमीटर वेगाने यायचे आणि खुणेपाशी ब्रेक लावायचे. मी ऐटीत आलो, सवयीने उजवा पाय दाबला. मागचे चाक जाम झाले, गाडीची शेपटी डावीकडे सरकली आणि खुणेपासून चांगली वीस मीटर फरफटत जाऊन मी थांबलो. मागून चिरंजीव आले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही ब्रेक लावले आणि जेमतेम निम्म्या अंतरात उभे राहिले.

"काका, तुमचा उजवा हात काय करत होता?" शिक्षकाने विचारले.

"काही नाही."

"तेच तर!"

मग त्याने उलगडून सांगितले. एस. टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला की उभे उतारू पुढे कोसळतात ना? गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक हलके पडते, म्हणून ते चटकन जाम होऊन घसरते. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढच्या चाकाचे. चुलतभावाच्या मंत्रात तथ्य होते, ते एवढेच, की पुढचा ब्रेक हिसका देऊन दाबला, किंवा वळणात नाहीतर वाळूवर दाबला, तर तो खरोखर पाडतो. लिंबू पिळावे तसा तो पिळायचा. आधी हलका, भार पुढे आला की जोर वाढवायचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या नव्या मोटरसायकलींना चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. पण माझ्या जुन्या गाडीला ती कुठली असायला!

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकांनी लॉस एंजेलिस भागातील नऊशेहून अधिक मोटरसायकल-अपघात तपासून १९८१ साली अहवाल दिला. त्यातील शेकडा ९२ चालक स्वतःच नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. म्हणजे माझ्या चुलतभावाची शाळा सातासमुद्रापलीकडेही होती म्हणायची! संकटाच्या क्षणी हातात बहुधा दोन सेकंदही नसत, आणि तेवढ्यात ते मागचा ब्रेक जास्त दाबून घसरत आणि पुढचा पुरता वापरत नसत.

हे ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे २०११ सालचा श्रावण उभा राहिला. सिंहगड रस्ता, भुरभुर पाऊस, मागे सौ. एक रिक्षा एकाएकी वळली. मी पाय दाबला, गाडी घसरली, आणि सौ.चे डावे मनगट मोडले. प्लॅस्टर सहा आठवडे होते. रस्ता ओला होता, रिक्षावाला बेशिस्त होता, असे मी तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला सांगत आलो. चकलीचा सोऱ्या फिरवताना ते मनगट अजून दुखते.

दुसऱ्या दिवशीचा धडा डोळ्यांचा. खड्ड्याकडे पाहत राहिलात तर खड्ड्यातच जाल. नजर जिथे जायचे तिथे हवी. वेगात असताना उजवीकडे वळायचे तर हॅण्डलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची. उलटेच वाटते, पण करून पाहिले तर गाडी आज्ञाधारकपणे उजवीकडे कलते. हे चिरंजीवांना चटकन जमले. मला तिसऱ्या फेरीला.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली शेकडा ४४ दुचाकीवरची. हे आकडे मी पूर्वीही वर्तमानपत्रात वाचले होते आणि पान उलटले होते.

रविवारी रात्री सौ. भाजणी चाळत होत्या. मी त्यांना सारे सांगितले.

"म्हणजे चूक रिक्षेची नव्हती?"

"तिचीही होती. पण मला थांबता आलं असतं."

त्या बराच वेळ चाळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन दिवसांत जाईल का हो तुमची अठ्ठावीस वर्षांची खोड?"

गेलेली नाही. घाई झाली की पाय अजून आधी धावतो. म्हणून दर रविवारी उजाडता उजाडता आम्ही तिघे एका रिकाम्या मैदानावर जातो. मी दहा वेळा ब्रेक लावतो, चिरंजीव दहा वेळा. बाजूला सौ. उभ्या असतात आणि खुणेपासून चाकापर्यंतचे अंतर पावलांनी मोजतात. पहिल्या रविवारी माझी सव्वीस पावले भरली होती. परवा पंधरा. चिरंजीवांची तेरा.