औशाच्या मैदानावरची लाट

समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर तोल सावरत उभे राहण्याच्या खेळाला सर्फिंग म्हणतात. औशाच्या शाळेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. समुद्र तर दूरच, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते! तरीही या खेळातून आपल्या खेळाच्या तासासाठी घेण्याजोगे पुष्कळ आहे. विशेषतः ज्या मुलाला आपण मैदानाच्या कडेला चपला सांभाळायला बसवतो, त्याच्यासाठी.

अमेरिकेतील नामवंत सर्फर इझी पास्कोवित्झ यांचा मुलगा स्वमग्न. त्याला फळीवर आपल्यापुढे बसवून लाटेवर नेले की तो शांत होतो, असे त्यांना दिसले. त्यातून १९९० च्या दशकात स्वमग्न मुलांसाठी सर्फिंगची शिबिरे सुरू झाली. समुद्रात जादू आहे की काय? तसे नाही. लाटेवर नेमके काय घडते ते पाहू.

एक प्रयोग करा. एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. लगेच तोल जाऊ लागतो. तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या येतात : डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो. डोके वळले की तो किंचित मागे राहतो आणि वळण्याची खबर मिळते. शेजारच्या पिशव्यांतील सूक्ष्म खडे कलण्याची व पुढे-मागे सरकण्याची खबर देतात. वाढीच्या वाटा वेगळ्या असलेल्या अनेक मुलांत या बातम्यांचा मेळ नीट बसत नाही. एखादी बातमी फार मोठी वाटते, तर एखादी पोचतच नाही. फळीवर मात्र ती ठळक येते, पुन्हा पुन्हा येते आणि एका लयीत येते. शिवाय प्रत्येक मुलाजवळ एक जाणता माणूस असतो. आम्हाला हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पाण्याचा आणखी एक गुण आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो. गळ्यापर्यंत गेल्यास सुमारे एक-दशांश उरतो. शिवाय पाणी अंगाला सर्व बाजूंनी सारखे दाबते, आणि हा दाब काही मुलांना सुखावतो. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहून पार केले, आणि जुलै २०२४ मध्ये इंग्लिश खाडीही पार केली. अर्थात प्रत्येक मूल जिया होणार नाही. तशी अपेक्षाही नको. सर्फिंगवरचे अभ्यास बहुधा लहान गटांवरचे आहेत. त्याने स्वमग्नता 'बरी' होते असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. मुळात तो आजार नव्हेच.

मग औशात काय करावे? ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून मैदानात आडवी ठेवा आणि तिच्यावर रुंद, गुळगुळीत फळी टाका. मूल आधी फळीवर पालथे झोपेल, मग गुडघ्यांवर येईल आणि जमेल तेव्हा उभे राहील. गुरुत्वमध्य जितका खाली तितका तोल सोपा, म्हणून हा क्रम. शेजारी एक शिक्षक किंवा मोठा विद्यार्थी हवाच.

काही गोष्टींत मात्र हयगय चालणार नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना कोलांटी मारू देऊ नये. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात क्षणभरही एकटे सोडू नये. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असू शकते, आणि आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी थोड्या नाहीत. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकण्याची जुनी रीत या मुलांसाठी धोक्याची आहे.

खेळाचे नियमही तपासून पाहावेत. खो-खोत पाठीमागून अचानक थाप बसते आणि कानाशी 'खो' असा आवाज होतो. स्पर्शाला व आवाजाला बिचकणाऱ्या मुलाला हे असह्य होते आणि ते उठून पळते. आपण म्हणतो, 'त्याला खेळ कळत नाही.' त्याच्यापुरता नियम बदलून पाहा : गड्याने समोरून यावे, रुमाल हातात द्यावा, मग त्याने उठावे. शिट्टीऐवजी झेंडी दाखवावी. लंगडीत तोल न सांभाळणाऱ्याला दोन्ही पायांनी उड्या मारू द्याव्यात. असा बदल म्हणजे मेहेरबानी नव्हे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३० मध्ये खेळातील सहभागाची तरतूद आहे. आणि नवा नियम ठरवताना वर्गातल्या मुलांनाच विचारावे. सुटीत गल्लीत खेळताना लहान भावंडांना 'कच्चा लिंबू' करून घेण्याची त्यांना सवय असतेच. फक्त इथे कच्च्या लिंबालाही राज्य घेता आले पाहिजे.