डिस्कवर आलेला आळ

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी, सगळी गर्दी एकाच पत्र्याखाली. कोपऱ्यात राउटर टांगलेला आहे आणि त्याला लागून प्लॅस्टिकच्या डब्यात एक उघडा सर्किट बोर्ड. रास्पबेरी पाय ५. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. शर्टाच्या खिशात मावेल असा अख्खा संगणक. जुन्या प्रश्नपत्रिका, तासांचे व्हिडिओ, नकाशे, किविक्स या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतलेला मराठी विकिपीडिया, सगळं त्याच्या पोटात. मुलं वायफायनं मोबाईल जोडतात आणि हवं ते उघडतात. नेटपॅक संपला तरी अभ्यास अडत नाही, एवढ्यासाठीच हा उद्योग.

उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास खोली भरली की सगळ्यांचे व्हिडिओ एकदम थांबायचे. अभ्यासिका सांभाळणारा पोरगा, ज्याला सगळे ‘दादा’ म्हणतात, स्क्रीन जोडून बघायचा. तिथं एकच ओळ वर वर सरकत असायची: एनव्हीएमई कंट्रोलर डाऊन, रिसेट करतो आहे. मशीन बंद करून चालू केलं की कधी डिस्क सापडायची, कधी नाही.

“सर, डिस्कच गेलीय,” तो मला म्हणाला. “सकाळी चांगली चालायलीय, दुपारी दिसंनाच गेलीय.”

एनव्हीएमई हा डिस्कचाच प्रकार; संदेशात नाव तिचं असल्यावर दुसरं कुणी काय म्हणणार? पण संगणकाचा संदेश एवढंच सांगतो की डिस्ककडून उत्तर आलं नाही. ते का आलं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. डिस्क मेली असेल, तिच्यापर्यंतची वाट तुटली असेल किंवा तिला वीज कमी पडली असेल. तिन्ही वेळा ओळ तीच.

या डिस्कच्या आधी इथं मेमरी कार्डच होतं. २०१२ साली पहिला रास्पबेरी पाय विकायला आला तेव्हापासून या बोर्डांची घडण तशीच, सगळी प्रणाली कार्डावर. पण आपल्याकडे लाईट सांगून जात नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यातलं, तरी त्यानं आमच्या खोलीतला पंखा फिरत राहील असं काही नाही. २०१५ साली तर पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. कार्डावर लिहिणं चालू असताना लाईट गेली की कुठली फाईल कुठं ठेवली याची आतली नोंदच विस्कटते. दोन-तीनदा असं झालं की कार्ड फेकायचं. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातली, कापडावर लिहिलेली, चाळीसेक फूट लांब. तिला लाईट जाण्याचं भय नव्हतं.

कार्डं अशी जात होती म्हणून एनव्हीएमई डिस्क घेतली. २०२३च्या सप्टेंबरात जाहीर झालेल्या पाय ५वर पहिल्यांदाच, अशी डिस्क जिच्यावर चालते ती पीसीआय एक्स्प्रेसची वाट बाहेर काढून दिली, तीही सोळा तारांच्या एका चपट्या पट्टीच्या कनेक्टरवर. डिस्क त्यात थेट बसत नाही. मध्ये ॲडॉप्टर कार्ड लागतं: एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला एम.२ची खाच आणि पाच व्होल्टचे ३.३ करणारा एक छोटा रेग्युलेटर. रास्पबेरी पायचं स्वतःचं असं कार्ड २०२४च्या मे महिन्यात आलं, पण बाजारात त्याआधीपासून डझनभर प्रकार फिरत होते. त्यातलंच एक कुरिअरनं आलं. कागद नाही, माहिती नाही, एका पिशवीत कार्ड, चार स्क्रू आणि पट्टी.

बीडमध्ये हे दुरुस्त कोण करणार? असल्या बोर्डाचं दुकान जिल्ह्यात माझ्या पाहण्यात नाही. पण मोबाईल दुरुस्तीची दुकानं प्रत्येक चौकात आहेत, आणि त्या कारागिरांचा सगळा दिवस अशाच पट्ट्यांमध्ये जातो. डिस्प्लेची पट्टी, बॅटरीची पट्टी, चार्जिंगची पट्टी. अंबाजोगाईत मोंढ्याच्या बाजूला असंच एक दुकान आहे. दादा त्या कारागिराला मामा म्हणतो. मामांनी हा बोर्ड आयुष्यात पाहिला नव्हता, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं.

“नवी डिस्क घ्यायची का मामा? वर्गणी गोळा करावी लागंल.”

“डिस्कला हात लावू नको. आधी करंट बघू.”

मोबाईलवाल्यांची ही रीतच आहे. फोन मेला म्हणून आला की ते आधी डीसी सप्लायला लावून बघतात तो किती ओढतो. मग बाकीचं. मला ती रीत कुठल्याही मॅन्युअलपेक्षा शहाणी वाटते, कारण वीज खालच्या पायरीवर असते. ती डगमगली की वरचं सगळं खोटं बोलायला लागतं.

मामांनी मल्टिमीटरच्या सुया बोर्डाच्या चाळीस पिनांपैकी दुसऱ्या आणि सहाव्या पिनेला धरल्या. दुसरी पाच व्होल्टची, सहावी ग्राउंड. नुसतं मशीन चालू असताना आकडा पाचच्या किंचित वर. मग दादानं एक मोठी फाईल कॉपी करायला लावली आणि दोन-तीन मोबाईलवर व्हिडिओ सुरू केले. आकडा ४.९ झाला, ४.८ झाला, ४.७वर थोडा रेंगाळला. ४.६ दिसलं न दिसलं तोच स्क्रीनवर ती ओळ आली. मामा काही बोलले नाहीत, सुया तशाच धरून फक्त भुवईनं स्क्रीनकडे खूण केली.

व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की बोर्ड स्वतः त्याची नोंद ठेवतो. ती विचारायची एक आज्ञा आहे. उत्तरात नुसतं शून्य आलं तर सगळं ठीक. आमच्या उत्तरात पाचाचा आकडा आणि त्यापुढे चार शून्यं होती, म्हणजे आत्ता ठीक आहे, पण चालू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती आणि मशीननं वेग आवरला होता. ही नोंद आधीपासून तिथं होती. डिस्कचा संदेश आपणहून समोर येतो, हिला मात्र विचारावं लागतं.

“चार्जर तर पासष्ट वॅटचा हाय,” दादा म्हणाला.

मामांनी चार्जर उलटा करून भिंगाखाली धरला आणि त्यावरची बारीक अक्षरं त्यालाच वाचायला लावली. ५ व्होल्ट ३ अँपिअर. ९ व्होल्ट ३ अँपिअर. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. पासष्ट वॅट होतात ते वीस व्होल्टवर. पाय ५ला वीस व्होल्ट चालतच नाहीत, त्याला पाचच हवेत. आणि पाचवर हा चार्जर पंधरा वॅटच्या पुढे जात नाही. पाय ५चा स्वतःचा चार्जर सत्तावीस वॅटचा, पण ५.१ व्होल्टवर तब्बल ५ अँपिअर देणारा. हे फोनच्या चार्जरमध्ये सहसा मिळत नाही. तीनच अँपिअर मिळणार हे कळलं की बोर्ड यूएसबीच्या खाचांना मिळून ६०० मिलिअँपिअरवर अडवतो. ॲडॉप्टर कार्डाला ती अडवणूक लागू नाही. ते हवं तेवढं ओढत राहतं आणि व्होल्टेज घसरतं.

त्यात चार्जरपासून बोर्डापर्यंत दोन मीटरची बारीक केबल. दहावीतला ओहमचा नियम इथं जसाच्या तसा लागतो: केबलचा रोध ०.१ ओहम असला आणि तिच्यातून ३ अँपिअर गेले की ०.३ व्होल्ट वाटेतच संपले. डिस्कच्या लेबलवर ३.३ व्होल्ट, २.५ अँपिअर लिहिलेलं, म्हणजे भर गर्दीत आठ वॅटच्या वर. पट्टीच्या कनेक्टरमधून मिळतात जास्तीत जास्त पाच. सकाळी दोन-चार मुलं असताना हे भागत होतं. दुपारी खोली भरली की भागत नव्हतं. उन्हाचा संशय माझ्याही मनात होता, पण तापलेली डिस्क सहसा आधी मंदावते, अशी तडकाफडकी नाहीशी होत नाही.

चार्जर बदलला. ती ओळ यायची बंद झाली. दादा खूश.

मामा खूश नव्हते. “चालू करताना कधी दिसती, कधी दिसत नाही, म्हणालास ना? ते करंटचं नाही. तेव्हा लोडच नसतो.”

इथं या माणसाबद्दल माझा आदर वाढला. दोन वेगळी दुखणी एकाच तक्रारीत मिसळली होती आणि एक बरं झाल्यावर दुसरं आपोआप जाईल असं त्यांनी धरलं नाही. मशीन परत परत चालू-बंद केलं. जोडलेल्या उपकरणांची यादी मागवली की चांगल्या वेळी डिस्कची ओळ यायची, वाईट वेळी बोर्डावरच्याच चिपची तेवढी. सुरुवातीच्या नोंदींत ‘लिंक डाऊन’. म्हणजे वाटच जुळली नव्हती. असल्या साध्या कार्डासाठी सेटिंगच्या फाईलमध्ये ती वाट उघडणारी एक ओळ घालावी लागते, ती होती. मग राहिली पट्टी.

पट्टी काढायचीही पद्धत आहे. कनेक्टरचं लॉक दोन्ही बाजूंनी नखानं सारखं वर घ्यायचं. एकाच बाजूनं उचकटलं तर त्याचा कान तुटतो आणि मग बोर्डच वाया. मामांनी ते न बघताच केलं. पट्टीचं टोक मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि आम्हाला बघायला सांगितलं. सोळा सोनेरी रेघा, दोन रेघांमध्ये अर्धा मिलिमीटर. प्रत्येक रेघेवर एक बारीक ओरखडा, कनेक्टरची पिन जिथं टेकली तिथला. डावीकडचे ओरखडे टोकापासून चांगले आत होते. उजवीकडे येता येता ते टोकाकडे सरकत गेले, आणि शेवटच्या दोन रेघांवर जेमतेम काठाला होते. पट्टी तिरकी बसली होती. वरून बघून ते कळणं शक्य नव्हतं. लॉक तर नीट लागलेलं होतं. खोलीतला पंखा, पत्र्याची थरथर, डब्याला लागलेला कुणाचा हात, एवढ्यानं त्या दोन रेघा जुळायच्या किंवा सुटायच्या.

आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, भिजवलेल्या कापसानं त्यांनी टोक पुसलं, वाळू दिलं, तांब्याची बाजू यूएसबीच्या खाचांकडे करून पट्टी सरळ आत टेकवली आणि लॉक दोन्ही अंगठ्यांनी एकदम खाली दाबलं.

सेटिंगच्या फाईलमध्ये आणखी एक ओळ सापडली. दादाच्या पुण्यात शिकणाऱ्या मित्रानं व्हिडिओ बघून घातलेली, वाट तिसऱ्या पिढीच्या वेगानं पळवणारी. पाय ५ची ही वाट दुसऱ्या पिढीसाठी प्रमाणित आहे, सेकंदाला पाच गिगा-ट्रान्सफर. तिसरीत ते आठ होतात. जमलं तर जमलं, पण पट्टी हलकी असेल तर वाढलेल्या वेगात चुका वाढतात. आणि हवाय कुणाला तो वेग? दुसऱ्या पिढीत डिस्क सेकंदाला चारशे एमबीच्या वर देते. बोर्डाचं केबल नेटवर्क सव्वाशेच्या पुढे जात नाही, वायफाय तर त्याहून खाली. मुलांच्या मोबाईलपर्यंत त्या वाढीव वेगातला एक थेंबही पोचणार नव्हता. ओळ काढली. डिस्कला झोपू न देणारी दुसरी एक ओळ होती, तीही. वीज आणि पट्टी ठीक असताना तिची गरज आहे का हे पाहायचं होतं. नव्हती.

प्रत्येक वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. मामांचा हा दंडक दादाला सगळ्यात जड गेला. त्याला दोन्ही ओळी एकदम काढून, चार्जर बदलून मोकळं व्हायचं होतं. पण आता हजेरीच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर तारीख, काय बदललं, काय झालं असे रकाने आहेत, आणि पोलीस भरतीची पोरं जाता-येता ते वाचतात.

लाईट जाण्यावर अर्थात यातलं काहीच औषध नाही. राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस नऊ-बारा व्होल्टचे, पाच व्होल्टवर पाच अँपिअर देणारा तसा आम्हाला अजून सापडला नाही. तोवर दादानं एक तोडगा काढलाय. बोर्ड सुरू होताना प्रणाली कुठं कुठं शोधायची याचा क्रम एका आकड्यात असतो, आणि तो उजवीकडून वाचायचा. त्यानं शेवटी ४१६ ठेवलंय: ६ म्हणजे आधी डिस्क, १ म्हणजे ती नसेल तर कार्ड, ४ म्हणजे त्यानंतर यूएसबी. जुन्या कार्डांतलं एक जिवंत होतं, ते त्यानं खाचेत ठेवून दिलंय. डिस्क सापडली नाही तर मशीन त्यावरून उठतं. त्या कार्डावर ना व्हिडिओ, ना विकिपीडिया. मोबाईलवर एवढंच पान उघडतं: ‘डिस्क मिळाली नाही. डब्याला हात लावू नका. दादाला बोलवा, तो चहाला गेला असेल.’