लाकडी मासा डोलला पाहिजे

मृगाचा पाऊस पडून गेला की शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांतून बेडकांचा एकच गलका सुरू होतो. ज्या गावाला बारमाही ओढा, तळे किंवा नदीचा डोह आहे, तेथे गळ टाकणारी मंडळी डब्यात बेडूक धरून ठेवतात. मरळीला बेडूक प्रिय आणि आपल्याला मरळ प्रिय. त्यामुळे बेडकाचा बळी ठरलेलाच.

शेतकरी बंधूंनो, हा सौदा आपल्याला महाग पडतो. बेडूक हा भाताचा बिनपगारी राखणदार आहे. तुडतुडे, अळ्या, पतंग, डास हे त्याचे रोजचे जेवण. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. 1987 मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. बेडूक कमी झाले की शेतातली कीड वाढते, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मग त्याच बेडकाला आपण गळाला का लावावे? मरळ भुकेपोटी धावते तशी डिवचल्यामुळेही धावते. तिच्यासमोरून लाकडाचा मासा नीट डोलत गेला, तर ती त्यावरही तुटून पडते. अट एकच: तो डोलला पाहिजे.

परदेशातील मोठे भावंड

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात मस्की नावाचा दातेरी शिकारी मासा आहे. चांगला वाढला तर चार फुटांवर जातो. विस्कॉन्सिन राज्याने 1955 मध्ये त्याला राज्यमासा ठरवले. हा इतका हट्टी की तेथील लोक त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. त्याच्यासाठी वीतभर आणि त्याहूनही लांब, चपट्या कुशीचे लाकडी मासे वापरतात. ते सरळ येत नाहीत. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे घसरत येतात. आपल्या मरळीला एवढा मोठा मासा लागत नाही, पण त्यामागची विद्या तीच आहे.

लाकूड आणि आकार

झाड तोडू नका. सुताराकडे शिवणीचे, पांगाऱ्याचे किंवा सागाचे तुकडे पडलेले असतात, ते पुरतात. शिवण हलकी, रंधायला सोपी आणि सहसा न तडकणारी. तुकडा सुका हवा, गाठ नको.

मरळीसाठी पाच इंच लांब, दीड इंच उंच आणि पाऊण इंच जाड तुकडा घ्यावा. मोठ्या डोहात थोराड मरळीसाठी नऊ इंच लांब, दोन इंच उंच आणि एक इंच जाड असा करता येतो. कुशी सपाट ठेवा, कडा मात्र गोल करा. गोल काठीसारखा मासा पाण्यात नुसता लोळतो. सपाट कुशीचा मासा पाणी कापत बाजूला घसरतो. दोन्ही कुशी सारख्याच तासलेल्या हव्यात. दोरा बांधायची कडी नाकाच्या टोकाला, बरोबर मध्यरेषेवर बसवा.

तोल म्हणजे निम्मे काम

नुसते लाकूड तरंगते, म्हणून पोटाखाली शिसे बसवावे लागते. ते चुलीवर वितळवू नका, त्याचा धूर विषारी असतो. पागाच्या जाळ्याला लावतात त्या तयार गोळ्या आणा. आधी भोके पाडू नका. गळ अडकवा, कारण गळालाही वजन असते. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने गोळ्या पोटाखाली बांधा. निम्म्या डोक्याच्या मागे, निम्म्या शेपटीच्या पुढे. मासा हौदात सोडून बघा.

नाक खाली जात असेल तर गोळ्या मागे सरकवा. शेपूट लोंबत असेल तर पुढे आणा. एका कुशीवर कलत असेल तर वजन मध्यरेषेवर नाही, किंवा एक बाजू जास्त तासली गेली आहे. मासा आडवा राहून, एक हात खोल जाईपर्यंत आपले चार-पाच आकडे मोजून व्हावेत, एवढ्या सावकाश बुडाला की तोल साधला. नऊ इंची माशाचे अशा वेळी एकूण वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते.

आता त्याच जागी भोके पाडून शिसे आत बसवा आणि वरून एम-सीलने बुजवा. नंतर अळशीचे तेल पाजून, पुरते सुकल्यावर व्हार्निशचे दोन हात द्या. कच्चे लाकूड पाणी पिते आणि आज साधलेला तोल उद्या बिघडतो. शेवटी हौदात पुन्हा एकदा तपासा. थोडे वजन कमी पडले तर गळाच्या दांड्यावर तार गुंडाळून भरून काढता येते.

पाळण्याची दोरी आठवा

उरलेले निम्मे काम हाताचे. घरातील आया-आज्यांना ते शिकवावे लागणार नाही. पाळण्याची दोरी आपण ओढतो आणि लगेच सैल सोडतो. ओढून धरून ठेवली तर पाळणा थांबतो. लाकडी माशाचेही तसेच आहे.

काठीचे टोक पाण्याकडे खाली ठेवा. वीतभर झटका द्या आणि टोक लगेच माशाच्या दिशेने परत न्या, म्हणजे दोरा सैल पडेल. झटक्याने माशाचे नाक एका बाजूला वळते आणि सैल दोऱ्यामुळे तो आपल्या वेगाने त्या बाजूला घसरत जातो. घसरण संपत आली की दुसरा झटका द्या. आता तो दुसऱ्या बाजूला वळेल. दोरा ताणलेलाच राहिला तर मासा काटकीसारखा सरळ ओढत येतो आणि मरळ त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

मासा मोठा असला की जोराने ओढावासा वाटतो, पण त्याने तो उलटतो किंवा पाण्याबाहेर उसळतो. जड मासा हळू वळतो आणि लांब घसरतो. त्याला जोर नको, सवड हवी. लहान पाळण्याला झोके भरभर, मोठ्याला संथ. मरळ बहुधा मासा घसरून थांबला की झेप घेते, म्हणून मधूनच दोन आकडे मोजेपर्यंत त्याला तसाच राहू द्या.

दोऱ्याच्या टोकाला हातभर ताठ तार लावा. ती दातांनी तुटत नाही आणि वळणाऱ्या माशाच्या गळात अडकत नाही. तार कडीला घट्ट आवळू नका, मोकळा फासा ठेवा. रीळ नसेल तर लांब बांबूची काठी आणि पाच इंची मासा यांवरही हे सारे जमते. दोनशे ग्रॅमचा गळवाला मासा भिरकावताना मात्र मागे मुले उभी नाहीत ना, हे आधी पाहावे.

कोठे आणि केव्हा

हा मासा नजरेने खेळायचा, म्हणून पाणी निवळलेले हवे. दिवाळीनंतर काळू, भातसा यांच्या डोहांत आणि गावतळ्यांत सकाळ-संध्याकाळ योग्य. मरळ हवा घ्यायला वर येते; तो बुडबुडा दिसला की त्याच्या पलीकडे टाकून मासा जवळून न्या. दाट शेवाळात लाकडी मासा अडकतो, तेथे त्याचा उपयोग नाही. कडेच्या मोकळ्या पाण्यात टाका. तानसा अभयारण्याच्या हद्दीत गळ नेऊ नका, आणि धरणाच्या जलाशयात मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे ते आधी विचारा.

राखण करणारीला सोडा

पावसाळ्यात तळ्यात तांबूस पिलांचा थवा एकत्र वर येताना दिसतो. त्याच्या खालीच मरळीची जोडी राखण करीत असते. त्या वेळी ती कशावरही धावून येते. लाकडी मासा तर तिला शत्रूच वाटतो, म्हणून तेव्हा ती पकडणे अगदी सोपे. पण ती गेली की पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी पडतात. चार महिने गळ आढ्याला टांगून ठेवा. सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारण्याला तर 1897 च्या कायद्यापासूनच बंदी आहे. त्याने एका दिवसाची मासळी मिळते आणि पुढच्या हंगामाचे तळे रिकामे होते.

सुताराकडचा एक तुकडा, मूठभर शिशाच्या गोळ्या आणि पाळणा हलवणारा हात, एवढ्यावर रविवारच्या रश्श्याची सोय होते. बेडूक खाचरात राहतो, मरळीची पिले तळ्यात वाढतात. भातही आपला, मासळीही आपली. दोन्ही राखूनच खाल्ले पाहिजे.