कण्यांतील सुई

मुलाच्या मेंदूच्या आवरणास सूज आल्याचा संशय आला, कीं डॉक्टर कण्यांतून पाणी काढण्यास सांगतात. आणि घरांतील वडील मंडळी 'पाय लुळे पडतील' म्हणून नकार देतात. ही भीति बहुतांशीं निराधार आहे.

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु कण्याच्या पोकळींतून उतरतो व त्यास मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. तव्याचा चटका बसतांच हात मागें येतो, तो हुकूम मेंदूचा नव्हे, या रज्जूचाच! त्यास इजा झाली तर पाय खरोखरच लुळे पडतील. परंतु तो कण्याइतका लांब नसतो. गर्भावस्थेपासून कणा अधिक वेगानें वाढतो, रज्जु मागें राहतो. प्रौढांत तो सुमारें ४५ सेंटिमीटर भरून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो. अर्भकांत किंचित् खालीं. पुढें उरतात ते घोड्याच्या शेपटीसारखे, पाण्यांत लोंबणारे तंतु.

१८९१ सालीं जर्मन वैद्य क्विंके यांनीं प्रसिद्ध केलेल्या रीतीची ही सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमध्यें किंवा त्याखालीं शिरते. तंतु बहुधा बाजूस सरकतात. मेंदूवर दाब वाढलेला नाहीं ना, हें डॉक्टर आधीं पाहतात. मागाहून कांहींचें डोकें दुखतें, हें खरें. पण उपचार लांबले तर मूल बहिरें होऊं शकतें, दगावूंही शकतें. आणि त्या थोड्या पाण्यांत कोणते जंतु आहेत हें कळलें, म्हणजे नेमकें औषध ठरवितां येतें.